बर्फ चालतो, पण सगळा एका चालीने नाही

आषाढात माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम हलवून सासवडकडे निघते, तेव्हा दिवे घाटाच्या एखाद्या वळणावर डोंगराच्या कडेला उभं राहून खाली बघावं. मी गेली काही वर्षं हे करतोय. वडकी नाल्याच्या बाजूने येणारी माणसांची पांढरी रेघ दिसते, पण ती हलतेय की थांबलीय हे पहिली दोन मिनिटं कळतच नाही. मग एखादी भगवी पताका हेरायची, ती रस्त्याकडेच्या कुठल्या झाडाशी आहे ते लक्षात ठेवायचं, चहा प्यायचा आणि परत बघायचं. पताका पुढे सरकलेली असते. म्हणजे रेघ चालतेय.

जरा जास्त वेळ थांबलं की आणखी एक गंमत दिसते. चढ संपवून सपाटीला लागलेल्या दिंड्या झपाझप निघतात, मागच्या अजून चढावरच धापा टाकत असतात, आणि मधे फट पडते. रस्ता अरुंद होतो तिथे उलट होतं, माणूस माणसाला चिकटतो. सगळी वारी पंढरपूरलाच निघालेली असते, पण प्रत्येक ठिकाणचा वेग वेगळा. त्यामुळे रेघ कुठे ताणली जाते, कुठे दाटते.

हे सांगायचं कारण म्हणजे निसार. नासा आणि इस्रो यांनी मिळून बनवलेला हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. त्याच्याबद्दलच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असतं: ‘हा उपग्रह ध्रुवांवरच्या बर्फाची हालचाल सेंटिमीटरमध्ये मोजणार.’ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी विचारलं, “बर्फ हलतो म्हणजे? वितळतो म्हणायचंय का यांना?” प्रश्न अगदी रास्त आहे. नाही काका, हलतो असंच म्हणायचंय.

आधी आकाराचा अंदाज घेऊ

जमिनीवर साचून खंडभर पसरलेल्या बर्फाला हिमचादर म्हणतात. आज पृथ्वीवर अशा दोनच आहेत, अंटार्क्टिकाची आणि ग्रीनलंडची. अंटार्क्टिकाची चादर भारताच्या चौपटीहून मोठी आहे. ‘चादर’ या शब्दाने मात्र फसगत होते, कारण तिची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर आहे. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटरवर. म्हणजे ते सबंध बुडून वर पुन्हा दीड-दोनशे मजली इमारतींना पुरेल एवढा बर्फ उरेल असं मी आधी लिहिलं होतं. हिशोब केल्यावर शंभर-सव्वाशे मजल्यांवर आलो. असो, कल्पना आली असेल.

एवढं ओझं स्वतःच्या वजनानेच दबतं आणि मधून कडेकडे सरकत राहतं. मध्यभागी वेग वर्षाला काही सेंटिमीटर ते काही मीटर असतो, किनाऱ्याजवळच्या बर्फाच्या वाटांवर वर्षाला काही किलोमीटर. भौगोलिक दक्षिण ध्रुवावर बिंदू दाखवणारा एक खांब आहे. त्याच्याखालचा बर्फ वर्षाला सुमारे दहा मीटर सरकतो, म्हणून दर १ जानेवारीला खांब नव्याने बरोबर जागी रोवावा लागतो. ग्रीनलंडमधली याकोबशावन हिमनदी २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला ४६ मीटर चालत होती.

दगडासारखा बर्फ वाहील कसा?

मार्केट यार्डात गुळाची ढेप बघितली असेल. हातोडी मारली तर तिचे तुकडे उडतात. तीच ढेप एप्रिल-मेमध्ये माळ्यावर राहिली की महिनाभरात बसते, बुडाशी फुगते आणि खालच्या कागदावर पसरते. कुणी हात लावलेला नसतो. एकदम जोर दिला तर तुटायचं, सावकाश जोर दिला तर वाहायचं, असा तिचा स्वभाव. बर्फाचाही तोच आहे. आणि गुळासारखाच तोही गारठ्यात ताठ राहतो, वितळण्याच्या जवळ आला की ढिला पडतो.

१९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये जॉन ग्लेन यांनी बर्फाचे ठोकळे दाबून हा स्वभाव आकड्यांत मांडला. दाब दुप्पट केला तर वाहण्याचा वेग दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतो. ही आठपट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सरकण्याचे प्रकार दोन. एक म्हणजे आतल्या आत वाकणं: पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून तिरका ढकलला की सर्वांत वरचं पान सगळ्यात पुढे जातं, खालचं जागेवर राहतं, तसं. दुसरा म्हणजे सगळा कॅटच टेबलावरून घसरणं. दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ गोधडीचं काम करतो, जमिनीतून येणारी ऊब अडवून धरतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी तळाशी पाणी होतं. ओल्या फरशीवर चटई सरकते तसा वरचा बर्फ त्यावरून सरकतो. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली अशा पाण्याची चारशेहून जास्त तळी सापडली आहेत.

यातला कुठला प्रकार किती, हे ओळखायची एक पद्धत मला फार आवडते. गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बर्फात खोल सरळ भोक पाडायचं, त्यात ठिकठिकाणी कल मोजणारी यंत्रं सोडायची आणि भोक गोठू द्यायचं. पुढे महिनोन्महिने ती यंत्रं आपापला कल कळवत राहतात. सरळ पाडलेलं भोक धनुष्यासारखं वाकलं तर बर्फ आतून वाहतोय. सरळच राहिलं आणि तरी माथा पुढे गेला, तर सगळा बर्फ तळावरून घसरतोय.

काठ्या रोवण्यापासून सुरुवात

१८२७ साली स्वित्झर्लंडमध्ये फ्रांझ योसेफ हुगी यांनी उंटरआर हिमनदीवर निवाऱ्यासाठी एक खोपटं बांधलं. चौदा वर्षांनी ते किलोमीटरहून जास्त खाली गेलेलं होतं. लुई अगासी यांनी मग त्याच हिमनदीवर आडवी, एका रेषेत काठ्यांची रांग रोवली. पुढच्या वर्षी रांगेची कमान झाली होती: मधल्या काठ्या पुढे गेलेल्या, कडेच्या खडकाला घासत मागे राहिलेल्या. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध चालणारा आणि दुकानांच्या पायऱ्यांना खेटून चालणारा, यांच्यात पडतो तोच फरक.

काठ्या अजून रिटायर झालेल्या नाहीत. हिमालयात आपले लोक आजही हिमनद्यांवर बांबू रोवतात, मुख्यतः किती बर्फ वितळला ते बघायला. ध्रुवांवर काठीला जीपीएस बांधतात. पण दीड कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या अंटार्क्टिकावर किती काठ्या रोवणार?

७४७ किलोमीटरवरून सेंटिमीटर कसे दिसतील?

सगळ्यात जास्त अविश्वास इथे असतो, आणि तो बरोबर आहे. निसार ७४७ किलोमीटर उंचीवरून फिरतो. तेवढ्या उंचीवरून सेंटिमीटर ‘दिसत’ नाहीतच. त्यासाठी दोन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती म्हणजे घाटातली पताका. एकाच जागेचे दोन फोटो काही दिवसांच्या अंतराने घ्यायचे, दोन्हींत तीच भेग किंवा तोच उंचवटा शोधायचा आणि तो किती सरकला ते मोजायचं. रडारच्या चित्रात तर बर्फाच्या पोताची जी रवाळ नक्षी उमटते, तीच खूण म्हणून चालते. भराभर चालणाऱ्या बर्फाला हे पुरतं. वर्षाला दोन मीटर चालणाऱ्याला पुरत नाही.

दुसरी युक्ती लाटांची. उपग्रह खाली रेडिओ लाटा सोडतो आणि परत आलेली लाट ऐकतो. परतलेली लाट चढावर आहे की उतारावर, म्हणजे आपल्या फेरीत नेमकी कुठे आहे, हे फार अचूक कळतं. बारा दिवसांनी निसार पुन्हा त्याच वाटेने येतो आणि तीच गोष्ट पुन्हा टिपतो. मधल्या काळात जमीन थोडी जवळ आली किंवा लांब गेली असेल, तर लाट फेरीतल्या वेगळ्या जागी सापडते. निसारच्या मोठ्या लाटेची लांबी २४ सेंटिमीटर आहे. जाऊन-येऊन अंतर दुप्पट होतं, म्हणून जमीन १२ सेंटिमीटर सरकली की एक फेरी पूर्ण. फेरीचा छोटासा भागही मोजता येतो, म्हणून सेंटिमीटरची भाषा.

अडचण अशी की हे घड्याळ तासकाटा तुटलेलं आहे. मिनिटकाटा पंधरावरून पस्तीसवर गेला एवढं दिसतं. मधे वीस मिनिटं गेली की दोन तास वीस मिनिटं, ते त्याला विचारून उपयोग नाही. त्यावर उपाय म्हणजे न हलणाऱ्या खडकापासून सुरुवात करायची आणि शेजारच्या ठिपक्यावर, मग त्याच्या शेजारच्या, असं करत फेऱ्या मोजत जायचं. बर्फ फारच वेगात असेल तर शेजारच्या दोन ठिपक्यांतच इतका फरक पडतो की मोजणी चुकते. तिथे पुन्हा पताका.

आणखी एक खोच आहे. समोरून येणारी बस आपल्याकडे किती सरकली ते कळतं, डावीकडे किती गेली ते कळत नाही. उपग्रहालाही फक्त ‘माझ्या दिशेने किती’ एवढंच कळतं. म्हणून तो उत्तरेकडे जाताना एकदा आणि दक्षिणेकडे जाताना एकदा, असं दोन बाजूंनी बघून हिशोब जुळवतात.

ही युक्ती नवी नाही. युरोपच्या ईआरएस-१ उपग्रहाच्या लाटा वापरून अंटार्क्टिकातल्या रटफर्ड हिमप्रवाहाचा वेग मोजल्याचं १९९३ साली प्रसिद्ध झालं. हिमप्रवाह म्हणजे हिमचादरीतूनच वाहणारी बर्फाची वेगवान नदी, काठही बर्फाचेच. २०११ मध्ये युरोप, कॅनडा आणि जपानच्या उपग्रहांची माहिती एकत्र करून सबंध अंटार्क्टिकाच्या वेगाचा पहिला नकाशा तयार झाला. त्यात दिसलं की वाहत्या वाटा किनाऱ्यापुरत्या नाहीत, उपनद्यांसारख्या पार आतपर्यंत फुटलेल्या आहेत.

मग निसारचं वेगळेपण काय? त्याची १२ मीटर व्यासाची सोनेरी जाळीची छत्री, जी अंतराळात गेल्यावर उघडली. त्याची मोठी लाट, जी वरचा भुसभुशीत हिम भेदून आत जाते. काल पडलेल्या हिमामुळे तिची ओळख पुसली जात नाही. आणि तिसरी गोष्ट बातम्यांत क्वचित येते: रडार उपग्रह एका कुशीला बघतात, आणि बहुतेक उजवीकडे बघतात, त्यामुळे दक्षिण ध्रुवाभोवतीचा भाग नजरेतून सुटतो. निसार मुद्दाम डावीकडे बघतो, अंटार्क्टिकासाठी.

वेग कळला. त्याचं करायचं काय?

खरं सांगायचं तर नुसत्या वेगाने फार काही कळत नाही. घाटात एका वारकऱ्याचा वेग मोजून काय हाती लागणार? पुढचा आणि मागचा यांच्या वेगात किती फरक आहे, यावर फट पडणार की गर्दी होणार ते ठरतं.

बर्फाचा आकार असा ताणला, दाबला किंवा पिळला जाणं म्हणजे विरूपण. वेगाचा नकाशा हाती आला की शेजारशेजारच्या वेगांची वजाबाकी करून विरूपणाचा नकाशा काढता येतो. पुढचा भाग मागच्यापेक्षा जोरात निघाला तर बर्फ ताणला जातो, पातळ होतो आणि ताण फार झाला की आडव्या भेगा पडतात. पुढे अडथळा असेल तर तो दाटतो, जाड होतो. कडेला, जिथे वेगवान बर्फ थांबलेल्या बर्फाला घासून जातो, तिथे तो पिळला जातो, आणि त्या पट्ट्यात भेगांची तिरकी रांगोळीच असते.

आता ती आठपट काढा. विरूपण किती जलद होतंय हे वरून मोजलं की आत ताण किती असेल याचा उलटा हिशोब करता येतो. तळाला धक्का न लावता तळ किती निसरडा आहे याचाही अंदाज बांधता येतो. पुढच्या शंभर वर्षांत समुद्र किती चढेल ते सांगणारी जी संगणकी प्रारूपं आहेत, त्यांचा पाया हाच. त्यात एक कच्चा दुवाही आहे. आठपट हा आकडा प्रयोगशाळेतल्या बर्फाचा. खऱ्या हिमचादरीत बर्फाचे कण वर्षानुवर्षं एका दिशेला वळलेले असतात, कुठे बर्फ थंड, कुठे कोमट, कुठे मातीमिश्रित. एकच आकडा सगळीकडे चालत नाही तिथे. म्हणूनच तर प्रत्यक्ष मोजत राहावं लागतं.

वाड्याचा सज्जा पडला तर

जमिनीवरचा बर्फ समुद्रापाशी पोचला की तो लगेच तुटत नाही. वाड्याचा सज्जा भिंतीबाहेर यावा तसा तो पाण्यावर तरंगत पुढे येतो, मागे मूळ बर्फाला जोडलेलाच. आइस शेल्फ म्हणतात ते हे. मी याला सज्जाच म्हणेन. जिथे बर्फाची जमिनीवरची टेक सुटते ती झाली टेकरेषा. ही रेषा वरून दिसत नाही, पण भरती-ओहोटीने सज्जा दररोज थोडा वर-खाली होतो आणि जमिनीवर टेकलेला भाग होत नाही. रडारला ही बिजागरी झकास दिसते. ती दरवर्षी आत सरकू लागली तर समुद्राचं पाणी बर्फाखाली पुढे घुसतंय.

“पण तरंगता बर्फ वितळला तर पाणी वाढत नाही ना?” बरोबर. उसाच्या रसाच्या ग्लासात बर्फाचे खडे विरघळतात म्हणून रस सांडत नाही. सज्जा वितळून समुद्र जवळजवळ चढतच नाही. पण सज्जा दोन्ही बाजूंच्या खडकांत अडकलेला असतो आणि मागच्या बर्फाला रेटून धरतो. २००२ मध्ये लार्सन बी नावाचा सज्जा काही आठवड्यांत कोसळला. तो सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर होता, पुणे जिल्ह्याच्या साधारण पाचव्या भागाएवढा. त्यानंतर मागच्या हिमनद्या सुसाट सुटल्या, काहींचा वेग पूर्वीच्या आठपटीपर्यंत गेला. ग्लासाबाहेरचा बर्फ ग्लासात पडू लागला, आणि मग रस सांडतो.

“हे आधीपासून चालूच नव्हतं का?”

चालू होतं. हिमचादरी माणूस नव्हता तेव्हाही वाहत होत्या. काही वाटा आपोआप बंदही पडतात: पश्चिम अंटार्क्टिकातला काम्ब हिमप्रवाह सुमारे दीडशे वर्षांपूर्वी थबकला. त्याच्या जुन्या भेगा आज हिमाखाली गाडलेल्या आहेत, आणि त्या किती खोल गेल्यात त्यावरून तारीख काढली गेली. त्याच्या शेजारचा व्हिलन्स हिमप्रवाह तर अडून-अडून चालतो. तासन् तास ढिम्म, मग अर्ध्या तासात अर्धा मीटर. दिवसात दोनदा, भरती-ओहोटीच्या तालावर. त्यामुळे एखादी हिमनदी वेगाने धावली असं वाचलं की लगेच घाबरूही नये आणि लगेच झटकूही नये.

प्रश्न जमाखर्चाचा आहे. आत हिम पडतं ती जमा, कडेने समुद्रात जातं आणि वितळतं तो खर्च. खर्च काढायला वेग आणि जाडी लागते. हिशोब तपासायला आणखी दोन स्वतंत्र वह्या आहेत. एक उंचीची: आइससॅट-२ उपग्रह सेकंदाला दहा हजार लेझर झोत सोडून पृष्ठभागाची उंची मोजतो. दुसरी थेट वजनाची: २००२ पासून ग्रेस आणि नंतर त्याचा वारस अशा उपग्रहांच्या जोड्या एकामागोमाग, सुमारे २२० किलोमीटरचं अंतर ठेवून फिरताहेत. खाली वस्तुमान जास्त असेल तिथे पुढचा आधी ओढला जातो आणि दोघांतलं अंतर किंचित बदलतं. एवढ्यावरून बर्फाचं वजन काढतात.

दोन्ही वह्यांत खोडी आहेत. ताजं हिम पिंजलेल्या कापसासारखं असतं, उंची वाढते पण वजन फारसं नाही. आणि पाहुणा उठल्यावर गादी हळूहळू वर येते तशी हजारो वर्षांपूर्वीचा बर्फ गेल्यामुळे खालची जमीन अजून उचलली जातेय. वजनाच्या हिशोबातून ती वजा करावी लागते. तरीही तिन्ही वह्यांचा शेरा एकच येतो. ग्रीनलंडची शिल्लक वर्षाला सुमारे २७० अब्ज टनांनी घटतेय, अंटार्क्टिकाची सुमारे १५० अब्ज टनांनी. एखाद्या वर्षी अंटार्क्टिकात हिम जास्त पडून घट भरूनही निघते, आणि त्याच वर्षाची बातमी फॉरवर्ड होत राहते. साधारण ३६० अब्ज टन बर्फ म्हणजे जगभर समुद्र एक मिलिमीटर वर.

पुणं समुद्रापासून ५६० मीटर उंचावर आहे, मग?

पुण्याला पाणी लागणार नाही, हे खरं. पण निम्म्या पुण्याचं माहेर नाहीतर आजोळ कोकणात आहे. आणि बर्फाच्या अफाट वस्तुमानामुळे आसपासचं समुद्राचं पाणी त्याच्याकडे ओढलेलं असतं. अंटार्क्टिकाचा बर्फ घटला की तिथला समुद्र उतरतो आणि ते पाणी दूर, आपल्या बाजूला, सरासरीपेक्षा जास्त चढतं.

त्याहून जवळचा संबंध वेगळाच आहे. निसारला खाली बर्फ आहे की माती, याच्याशी देणंघेणं नाही. तो बर्फाइतक्याच इमानाने डोंगरउतार मोजतो, धरणाचा बांध मोजतो, पाणी उपसून खचणारी जमीन मोजतो. तो उडाला त्या ३० जुलैला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव गाडलं गेल्याला बरोबर अकरा वर्षं झाली होती. मुसळधार पावसात तासाभरात सुटलेली दरड बारा दिवसांनी एकदा येणारा उपग्रह पकडेल, असं मी म्हणणार नाही. काही उतार मात्र सुटण्याआधी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं, सेंटिमीटर-सेंटिमीटरने खाली येतात. वरचा भाग जागेवर राहतो, खालचा सरकतो आणि मधे फट पडत जाते. सह्याद्रीत त्यावर झाडी असते, आणि छोटी लाट पानांतच अडकते. २४ सेंटिमीटरची लाट त्यातून बऱ्यापैकी खाली पोचते.